साहेब येणार म्हणून रंगवलेला हौद

माझी नोकरी काय आहे हे बाबांना समजावता समजावता माझी अर्धी नोकरी संपली असेल. बाबा गिरडच्या बाजूच्या एका लहान गावचे कास्तकार. पोरगी नगरपालिकेत लागली, एवढं गावात सांगायला त्यांना पुरत होतं. पण एखादी गोष्ट कळली नाही की तिचा पिच्छा सोडायचा नाही, हा त्यांचा स्वभाव. मी सुट्टीत घरी गेले की जेवताना त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा.

"तू हापिसात करतं तरी काय वं बाई?"

"जुन्या वास्तूचं काम हाय बाबा माह्याकडं."

"मंजे बांधतं का पाडतं?"

"बांधाचं बी नाई, पाडाचं बी नाई. कोनी पाडू नये, हे पाहाचं काम हाय."

"मंजे काईच नाई करत," असं म्हणून बाबा ताकाची वाटी तोंडाला लावायचे. आई पदराआड हसायची. मला असा राग यायचा म्हणून सांगू! पण खरं सांगायचं तर आमच्या ऑफिसातही तेव्हा ते कुणाला नीट सांगता आलं नसतं.

आमचं शहर म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं कापसाचं गाव. नाव सांगत नाही. पुढे ज्यांच्या हातून ही सगळी गंमत झाली त्यांची सून माझ्या भिशीत आहे आणि मला भिशी सोडायची नाही. आणीबाणी नुकतीच उठली होती. अशात वरून एक परिपत्रक आलं, की रस्ता रुंद करताना किंवा काही पाडताना वाटेत जुनी वास्तू येत असेल तर आधी चौकशी करा, संबंधितांना विचारा, आणि मगच कुदळ चालवा. हे काम करायला एक टेबल हवं होतं. कोणीच तयार होईना. मुख्याधिकारी साहेबांनी सगळ्या ऑफिसवरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. खिडकी उघडी ठेवायची की बंद, ह्यावरून हेडक्लार्कशी, म्हणजे आमच्या बडे बाबूंशी, माझं त्याच आठवड्यात भांडण झालं होतं. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही भांडू शकता. हे तुम्हीच करा." ही बढती होती की शिक्षा, हे मला रिटायर होईपर्यंत कळलं नाही.

माझ्या टेबलाला सगळे 'म्हातारं टेबल' म्हणायला लागले. "बाई, जुन्या वास्तूंत आमचे बडे बाबू पण नोंदवून टाका, म्हणजे त्यांची बदली होणार नाही," असं कोणी म्हणालं की बडे बाबू चष्म्यावरून बघायचे आणि मी म्हणायची, "आधी त्यांची डागडुजी करावी लागेल." दिवस मजेत जायचे. मी मोजायची टेप घेऊन गल्लोगल्ली फिरायची. एका किराणा दुकानदाराने मला बसवून चहा पाजला आणि आपलं दुकान थेट भोसल्यांच्या काळातलं असल्याचं शपथेवर सांगितलं. मी म्हटलं, छान, मग नोंदवते, पण मग त्यावर मजला चढवताना विचारावं लागेल हं. तो माणूस बशीतला चहा तसाच ठेवून म्हणाला, "मजला? नाई नाई बाई, हे त मागल्या पोळ्याले बांधलं जी!"

असं ते काम होतं. बांधकामवाले म्हणत रस्ता पाहिजे, गल्लीतले म्हणत आमचा ओटा वाचवा, नागपूरचं पुरातत्त्वाचं ऑफिस म्हणे नकाशा पाठवा, आणि नगराध्यक्ष म्हणत कुणालाही नाराज करू नका. ह्या सगळ्यांच्या मधे मी, हातात टेप घेऊन.

आणि मग हौदाचा विषय आला.

बाजाररोडवर, कापसाच्या मार्केटच्या थोडं अलीकडे, ढोरांना पाणी प्यायचा एक लांबलचक दगडी हौद होता. शेजारी विहीर. हौद कोणी बांधला, कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्यावर ना नाव, ना तारीख, ना नक्षी. दरवर्षी पोळ्याच्या आधी समोरच्या गल्लीतल्या बाया त्याला चुना फासायच्या, काठाला गेरू लावायच्या, की वर्षाची काळजी मिटली. हंगामात मार्केटला कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, ही रांग लागायची. सरकारी खरेदी सुरू झाल्यापासून तर रांग पुढे सरकायचं नावच घेत नसे. माणसं बंडीखाली झोपत, तीन दगडांवर रांधत, आणि बैल त्या हौदावर पाणी पीत. तो हौद नसता तर रांगेतल्या जनावरांचे हाल झाले असते.

तर त्या हंगामाच्या आधी बाजाररोड रुंद करायचं ठरलं आणि हौद नेमका नव्या रस्त्याच्या कडेत आला. रस्त्याचे इंजिनिअर तरुण होते, हुशार होते, आणि त्यांना सरळ रेषेचं भारी वेड होतं. ते म्हणाले, "बाई, हे डासांचं घर आहे. जुनं म्हणता, पुरावा काय? आणि ते तर वापरातही नाही. मी दोनदा येऊन गेलो, एक बैल दिसला नाही."

"उन्हाळ्यात आलात साहेब तुम्ही. उन्हाळ्यात कापूस असतो का?"

"ते मला माहीत नाही. तुमच्या नागपूरवाल्यांनी लिहून दिलं, की हे जुनं आहे आणि वापरात आहे, तर मी रस्ता वळवतो. नाहीतर हौद जाईल."

म्हणजे सगळं नागपूरच्या साहेबांवर आलं. मी पत्रावर पत्र पाठवून त्यांच्या मागे लागले. शेवटी दिवाळीनंतरचा एक दिवस ठरला. साहेब येणार, हौद बघणार, आणि त्यांच्या शब्दावर हौद राहील किंवा जाईल.

मला त्या हौदाचं इतकं का होतं, ते सांगते. मी चौथी-पाचवीत असताना बाबांसोबत कापसाच्या बंडीवर बसून ह्या गावाला यायची. वर मऊ कापूस, त्यावर मी, खाली बैलांच्या गळ्यातल्या घंट्या. गाव आलं की पहिला थांबा हा हौद. बाबा बैल सोडून हौदावर न्यायचे आणि शिट्टी घालायचे. बैलाला पाणी पाजताना शिट्टी घालायची, ही आमच्या कास्तकारांची रीतच आहे. शिट्टी ऐकली की बैल निवांत होतो, मान खाली घालतो आणि पोटभर पितो. ज्याची त्याची शिट्टी वेगळी. बाबांची शिट्टी आधी खालून लांब यायची आणि शेवटी अलगद वर जायची. मी ती हुबेहूब उचलली होती. आई चिडायची, "पोरीच्या जातीनं शिट्टी वाजवाव काय?" तर बाबा म्हणायचे, "अवं, ते बैलायले घालून राह्यली. पोट्ट्यायले थोडीच घालते!"

मी कॉलेजात असताना घरच्या गाईला लागोपाठ दोन गोऱ्हे झाले. ते मीच वाढवले. सुट्टीत घरी आले की त्यांना पाणी पाजायचं काम माझं. तेच पुढे बाबांची जोडी झाले. आम्ही त्यांना मोठा आणि लहाना म्हणायचो. मला नोकरी लागली तेव्हा मात्र बाबांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आता हापिसरीन झाली तू. आता शिट्टी बंद." मीही बंद केली. साडी नेसून, पर्स अडकवून कुठे शिट्ट्या घालत बसणार?

साहेब यायच्या आदल्या दिवशी मी आमच्या ओव्हरसियर भाऊंना हौदाशी नेऊन उभं केलं. ओव्हरसियर भाऊ म्हणजे देवमाणूस. कामाला कधी नाही म्हणणार नाही, पण सांगितलं त्यापेक्षा चार पावलं पुढे जाऊन करणार, हीच पंचाईत. मी त्यांना बजावलं, "भाऊ, आजूबाजूचा कचरा तेवढा उचला. हौदाला हात लावू नका. आहे तसाच दिसला पाहिजे."

"बेफिकीर राहा बाई," ते म्हणाले.

मी बेफिकीर राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाररोडच्या वळणावर रिक्षातून उतरले आणि जागच्या जागी थिजले.

हौद निळा होता. आकाशी निळा, ऑइलपेंटचा, चकचकीत. काठाला लाल पट्टी. चार कोपऱ्यांवर चार कमळं. आणि रस्त्याकडच्या बाजूला, वळणदार अक्षरांत, 'सुस्वागतम्'.

बाजूला ओव्हरसियर भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून उभे. चेहऱ्यावर असं समाधान, की पोरीचं लग्न लागलं आहे आणि जेवणं सुरळीत चालली आहेत.

"भाऊ," मी म्हटलं, "मी काय सांगितलं होतं? हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

"हात नाईच लावला बाई. ब्रश लावला."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. गल्लीतल्या बाया बाहेर आल्या आणि पानठेल्यावरच्या लोकांनी विडे अर्धवट सोडले, एवढं सांगते. पण भाऊंना दोष तरी काय द्यायचा! आमच्या नगरपालिकेत मंत्री यायचे म्हटलं की झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागायचा, रस्त्याकडेचे दगड पांढरे व्हायचे, एकदा तर उभ्या हातगाडीला रंग लागला होता. साहेब येणार म्हणजे रंग, हे भाऊंच्या रक्तात होतं. ते काकुळतीला येऊन म्हणाले, "मले वाटलं, साहेब येवढे नागपूरवरून येऊन राह्यले, त त्यायले काही चांगलं दिसाव!"

ह्यावर मी आणखी तापले असते, पण तेवढ्यात मागून बैलांच्या घंट्या वाजल्या. रांगेतल्या बंडीवाल्यांनी जनावरं पाण्यावर आणली होती. पहिली जोडी हौदाजवळ आली, नाक पुढे केलं, आणि फुस्सकन मागे सरली. दुसरी जोडी तर दुरूनच मान हलवायला लागली. रंगाचा वासच तसा होता. बंडीवाले खवळले. "अबे, हौदाचं लगन लावून राह्यले काय? ढोरायनं पेवाव काय, तुमचं कमळ?"

आणि त्या घोळक्यातून, खांद्यावर कासरा टाकून, माझे बाबा आले. रात्रीच रांगेत बंडी लावली होती त्यांनी. हंगामात ते यायचेच, पण नेमके आज! मागे मोठा आणि लहाना. बाबांनी निळ्या हौदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा हौदाकडे पाहिलं.

"हे तुह्यं काम व्हय?" त्यांनी विचारलं.

मला रडूच कोसळलं असतं. साहेबांची गाडी दुपारच्या आत यायची होती. जुना आहे म्हणून दाखवायचा तो हौद कोरा करकरीत दिसत होता, आणि वापरात आहे म्हणून सांगायचं तर एक बैल तिकडे फिरकायला तयार नव्हता. इंजिनिअरांना आणखी काय पाहिजे होतं?

"नाई बाबा," मी म्हटलं, "पन आता हे काढनं माह्यं काम हाय. आज हे निघालं नाई त हौद चालला."

बाबा एवढंच म्हणाले, "त मंग उभी काऊन हायस?"

मी पदर खोचला. बाबांनी बैल बांधले. बंडीवाल्यांना काय झालंय ते मी ओरडून सांगितलं आणि शिव्या देतच सगळे धावले. विटांचे तुकडे आले, नारळाच्या शेंड्या आल्या, खराटे आले. गल्लीतल्या बायांनी तर कमाल केली. तेव्हा घासलेट रेशनवर मिळायचं, थेंबाथेंबाने वापरायचं, तरी एकेक बाई घरातली बाटली घेऊन आली. "पोळ्याले आमी चुना लावतो, आन् हे मेले कमळं काढते!" असं म्हणत त्यांनी चिंध्या भिजवल्या. ओव्हरसियर भाऊंनी इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला, म्हणजे विहिरीच्या रहाटाला, अडकवला आणि बनियनवर घासायला बसले. आपणच लिहिलेलं 'सुस्वागतम्' त्यांनी आपल्याच हाताने पुसलं. त्यांचं तोंड बघून मला हसायला यायला लागलं, आणि एकदा हसू सुरू झालं ते मग सगळ्यांनाच लागलं. एक बंडीवाला म्हणाला, "भाऊ, कमळ राहू द्या एक, तुमची आठोन म्हणून." भाऊ म्हणाले, "घास मुकाट्यानं!"

रंग अजून पुरता वाळला नव्हता. तो निघायला लागला, पण एकटा नाही निघाला. रंगाखाली किती पोळ्यांचा चुना थरावर थर बसलेला होता, कोण जाणे. ओल्या रंगाने तो धरला होता आणि आता खरवडताना पापुद्रे नाही, चांगले जाड पोपडे सुटून हातात येत होते. एका बाईने खराट्याने काठ झाडला आणि म्हणाली, "अवं माय, हे पाय वं बाई."

खाली लालसर दगड होता, चांद्याकडचा असावा. आणि काठ सरळ नव्हताच. जन्मभर आम्ही सरळ समजत होतो तो चुन्याने भरून सपाट झालेला काठ होता. खरा काठ खोलगट, गुळगुळीत वाट्यावाट्यांचा होता. दोन वाट्या जवळजवळ, मग थोडी सरळ जागा, पुन्हा दोन वाट्या जवळजवळ. अशा हौदाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणाला कुणी सांगायची गरज पडली नाही. सुटा बैलही पाणी पिताना आपल्या जोडीदाराला खेटूनच उभा राहतो. किती बैलांनी, किती हंगाम, तिथे आपले गळे टेकवले असतील! मी त्या एका वाटीत तळहात ठेवला. इतकं गुळगुळीत होतं ते, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते घासलेटावर ढकललं.

हौद धुतला, पुन्हा धुतला, विहिरीचं ताजं पाणी भरलं, आणि गाडी आली.

नागपूरचे साहेब उतरले. पांढऱ्या केसांचे, शांत, पायात साध्या चपला. सोबत आमचे मुख्याधिकारी आणि रस्त्याचे इंजिनिअर. साहेबांनी आधी आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. कुणाच्या कोपराला निळा, कुणाच्या नाकाला लाल. मग ते हौदाला फेरी घालून आले. एका कोपऱ्यात अर्धं कमळ राहून गेलं होतं, तिथे थांबले.

"रंग कोणी मारला?"

ओव्हरसियर भाऊ माझ्यामागे लपले. मी म्हटलं, "आम्हीच, साहेब. तुम्ही येणार म्हणून."

मला वाटलं, आता चिडतील. साहेब मोठ्याने हसले. "बाई, मी जिथं जिथं जातो तिथं माझ्याआधी रंग पोचलेला असतो. काढलेला मात्र आज पहिल्यांदा पाहतोय." मग ते काठाशी वाकले आणि त्या जोडीजोडीच्या वाट्यांवरून हात फिरवत टोकापर्यंत चालत गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहराच बदलला होता. "जुना आहे," ते म्हणाले. "ह्यात मला शंका नाही."

इंजिनिअर म्हणाले, "असेल जुना, सर. पण वापरात नाही. होता कधीकाळी. इतके बैल उभे आहेत, एकतरी पितोय का?"

आणि हे खरं होतं, हीच तर रडकथा होती. रंग गेला तरी घासलेटाचा वास हवेत होता. बंडीवाले आपापली जोडी पुढे आणत होते, शिट्ट्या घालत होते, थोपटत होते, आणि बैल नाकपुड्या फुलवून मागे सरत होते. तहानलेले होते बिचारे, पण सकाळचा धसका बसला होता. साहेब वाट बघत उभे राहिले. त्यांनी घड्याळ पाहिलं नाही, पण इंजिनिअरांनी पाहिलं.

बाबांनी मोठ्याला आणि लहान्याला सोडून आणलं. त्यांनी हौदातलं ओंजळभर पाणी घेतलं आणि बैलांच्या समोर स्वतः प्यायले. बैल बघत राहिले. बाबांनी ओठ पुढे केले, आणि नुसती हवा आली. त्याच दिवाळीच्या आधी त्यांनी पुढचे दात काढून घेतले होते. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच. दुसऱ्या एका बंडीवाल्याने मदतीला आपली शिट्टी घातली, पण आमच्या जोडीने त्याच्याकडे कानही वळवला नाही.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "तू घाल."

"बाबा, समदे साहेब उभे हाय..."

"त्यायले कायले घालतं? बैलायले घाल."

मी पर्स भाऊंच्या हातात दिली. बैलांच्या मधे जाऊन उभी राहिले. समोर मुख्याधिकारी, इंजिनिअर, नागपूरचे साहेब, मागे निम्मा बाजार. तोंड कोरडं पडलं होतं. पहिली शिट्टी फाटकी निघाली आणि कोणीतरी खी खी केलं. मी डोळे मिटले. दुसरी आली ती खालून, लांब, बाबांसारखी, आणि शेवटी अलगद वर गेली.

मोठ्याने कान टवकारले. मी पुन्हा घातली. मोठा एक पाऊल पुढे आला, लहाना त्याला खेटून आला, आणि दोघांनी त्या दोन जवळजवळच्या वाट्यांत गळे टेकवले. अगदी बरोबर बसले ते गळे. मग पाणी ओढल्याचा आवाज आला, सूं सूं सूं, आणि त्या आवाजाने जणू सगळ्या बैलांना एकदमच तहान आठवली. दुसरी जोडी आली, तिसरी आली. बंडीवाल्यांना चेव चढला, ज्याची त्याची शिट्टी सुरू झाली, खालची, वरची, तुटकी, लांब, आणि हौदाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जोडीजोडीने माना खाली गेल्या. असा आनंद मला आयुष्यात फार थोड्या वेळा झाला आहे. मी शिट्टी घालत होते आणि मला थांबवेना.

साहेब इंजिनिअरांना एवढंच म्हणाले, "बघा, वापरात आहे." इंजिनिअरही, खरं सांगते, हसत होते.

दुपारी बंडीवाल्यांनी साहेबांना सोडलंच नाही. गोवरीच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे पानगे आणि वांग्याची झणझणीत भाजी, हौदाच्या शेजारी, सगळ्यांसोबत मांडी घालून. साहेबांच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, तरी ते आणखी वाढा म्हणत होते. ओव्हरसियर भाऊ त्यांना आग्रह करत होते आणि बंडीवाले भाऊंना. बडे बाबूंपर्यंत ही बातमी संध्याकाळच्या आत पोचली. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात शिरले तर चार टेबलांवरून चार शिट्ट्या आल्या आणि मुख्याधिकारी साहेब केबिनमधून ओरडले, "बाईंच्या शिट्टीची सर नाही कुणाला, कामं करा!" खिडकी त्या दिवसापासून माझ्या मर्जीने उघडी राहायला लागली.

रस्ता वळला. आजही बाजाररोड त्या जागी उगाच थोडा वाकडा जातो आणि नव्या लोकांना कारण माहीत नसतं. पुढे ऐंशीच्या दशकात ट्रकांनी कापूस यायला लागला, बंड्या कमी झाल्या, पण हंगामात एखादी जोडी यायचीच, आणि रिक्षावाले त्या थांब्याला हौदच म्हणत. अर्धं कमळ मीच राहू दिलं. तेही आता जुनं झालं असेल.

त्या संक्रांतीला मी घरी गेले. बाबांचा कोणी दूरचा पाहुणा जेवायला होता. त्याने मला निरखून पाहिलं आणि बाबांना विचारलं, "पोरगी नगरपालिकेत हाय मनता, त तेथी करते काय?"

मी घास ठेवून सांगायला तोंड उघडलं, "मी तिथं जुन्या वास्तूंचं..."

"तू चूप राह्य वं," बाबा म्हणाले. "मले समजलं हाय आता." आणि ते पाहुण्याकडे वळले, दात नसलेलं तोंड भरून हसले, आणि म्हणाले, "ते हापिसात बैलायले पानी पाजते."

मी ताकाची वाटी तोंडाला लावली, कारण हसू आणि रडू दोन्ही एकदमच येत होतं.